क्लिकच्या मागे

माझ्या व्यसनाचा सगळ्यात भक्कम पुरावा आमच्या दुसऱ्या अल्बमच्या सेशन फाइल्समध्ये आहे. ड्रम्सचे ट्रॅक वेगळे काढून क्लिकला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या टिकटिकीला, लावले की डोळ्यांना दिसतं. सुरुवातीला स्नेअर क्लिकवर नीट बसलाय. दुसऱ्या कडव्यापर्यंत तो मागे सरकायला लागतो, ब्रिजमध्ये आणखी मागे जातो आणि शेवटच्या कोरसआधीच्या फिलमध्ये, म्हणजे दोन भाग जोडणाऱ्या छोट्या तुकड्यात, मी घाईघाईने सगळी उधारी फेडून टाकतो. एखाद्या गाण्यात झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण जवळजवळ प्रत्येक गाण्यात हेच. आणि त्या दिवसांत माझी ठाम समजूत होती की मी आयुष्यातलं सर्वोत्तम वाजवतोय! आमचा इंजिनिअर रात्री बसून एकेक ठोका माउसने उचलायचा, जागेवर ठेवायचा, आणि कुणाला काही बोलायचा नाही. त्याने हे मला खूप नंतर दाखवलं.

ड्रमर मंडळी लगेच म्हणतील, क्लिकच्या मागे वाजवण्यात वाईट काय? काहीच नाही. ठोका किंचित मागे ठेवून गाणं ऐसपैस करणं ही कमावलेली कला आहे. पण तिथे अंतर ठरलेलं असतं. पहिल्या बारला, म्हणजे तालाच्या आवर्तनाला, जेवढं, तेवढंच शेवटच्या बारला. माझं अंतर वाढत होतं आणि मला पत्ता नव्हता. हेरॉइनने, म्हणजे गर्दने, अंगही मंदावतं आणि डोकंही. ज्या डोक्याने मंदावणं मोजायचं तेच मंदावलेलं, मग कळणार कसं?

रॉकवाल्यांच्या व्यसनाच्या कहाण्या मी भरपूर वाचल्या होत्या. बहुतेकांचा घाट एकच: अफाट प्रतिभा, मग पडझड, मग मरणाच्या दारातून परत, मग उजेड. पडझडीची प्रकरणं मी पुन्हा पुन्हा वाचायचो आणि उजेडाची पानं भरभर उलटायचो. जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर 1955 मध्ये गेला तेव्हा शव तपासणाऱ्याने त्याचं वय पन्नास ते साठच्या मध्ये धरलं होतं. तो 34 वर्षांचा होता. पार्कर घेतो म्हणून आपणही घ्यावं, मग तसं वाजेल, असं मानून कितीतरी तरुण वादकांनी सुई हातात धरली. खुद्द पार्कर मात्र म्हणायचा की नशेत मी जास्त चांगलं वाजवतो असं सांगणारा वादक सरळसरळ खोटारडा आहे. ही त्याची ओळ मला तेव्हाही माहीत होती. सोयीच्या ओळी लक्षात राहतात, गैरसोयीच्या फक्त माहीत असतात.

आमच्या वाद्याचा इतिहास तर याबाबत फारच बोलका आहे. 'द हू'चा ड्रमर कीथ मून 1978 मध्ये गेला तो क्लोमेथायाझोलच्या अतिमात्रेने, म्हणजे दारू सोडताना त्रास होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्यांनी. वय 32. दोन वर्षांनी लेड झेपेलिनचा जॉन बॉनम दारूच्या अतिरेकाने गेला, वय तेवढंच. गन्स अँड रोझेसने 1990 मध्ये आपल्या ड्रमरला, स्टीव्हन अॅडलरला, काढलं, कारण गर्दमुळे त्याच्याकडून रेकॉर्डिंग पुरं होत नव्हतं. आणि ज्याच्याकडे पाहून आपण म्हणतो की हा माणूस कधी ढळलाच नसेल, तो रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स चाळिशी उलटल्यावर, 1980 च्या दशकाच्या मध्यावर, दारू आणि हेरॉइनमध्ये सापडला होता. तो स्वतःहून बाहेर आला आणि पुढे अनेक वर्षं वाजवत राहिला. त्याची कथा कुणी रंगवून सांगत नाही. रंगवण्यासारखं तिच्यात फारसं काही नाही, म्हणूनच मला ती आवडते.

सुरुवात कशी झाली हे सगळ्यांना ऐकायचं असतं. माझ्या लेखी तो सगळ्यात मिळमिळीत भाग. मनगट दुखायचं, सलग कार्यक्रमांत बोटं बधिर व्हायची, एका डॉक्टरांनी ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक, गोळ्या दिल्या. मनगटाच्या आधी मनच बरं झालं. गोळ्या संपल्या, नव्या मिळेनाशा झाल्या, आणि आमच्या वर्तुळात पन्नीवर गर्द ओढणारे दोघे-तिघे होतेच. पहिल्यांदा ओढल्यावर कसं वाटलं हे मी लिहिणार नाही. लिहिता येत नाही म्हणून नव्हे, चांगलंच येतं म्हणून. हा मजकूर लिहायला बसलो तेव्हा पहिल्या मसुद्यात तो परिच्छेद होता, आणि बाकी सगळ्यापेक्षा तोच झकास उतरला होता. लिहून झाल्यावर हाताला घाम सुटला होता. व्यसनी माणसाची स्मरणशक्ती अशी पक्षपाती असते की पहिल्या दहा मिनिटांचा रंग, वास, उजेड सगळं जपून ठेवते आणि पुढची वर्षं एका ओळीत गुंडाळते. तो परिच्छेद खोडून मी उरलेल्या वर्षांकडे वळलो, आणि तेव्हा कळलं की त्या वर्षांत सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही.

घडत होती ती आकडेमोड. गर्दचा असर ओसरून सहा ते बारा तासांत अंग मागायला लागतं. त्यामुळे दिवसाला चोवीस तास राहिले नव्हते, दोन घेण्यांमधली अंतरं राहिली होती. साउंडचेक चार वाजता, कार्यक्रम नऊला, मधल्या वेळात खोलीवर जाता येईल का? प्रवास सात तासांचा असेल तर आधी किती आणि पोचल्यावर कुठे? शेवटची पुडी कधी संपेल, आणि ज्याच्याकडून आणायची तो फोन उचलेल का? तो कधीच वेळेवर यायचा नाही. माझ्या व्यसनातला सगळ्यात मोठा काळ मी गर्द ओढण्यात घालवला नाही, वाट बघण्यात घालवला. पार्किंगमध्ये, जिन्यात, मागच्या दाराशी. ज्या कहाण्या वाचून मी भारावलो होतो त्यांत हे वाट बघणं एक-दोन वाक्यांत आटोपलेलं असतं, कारण वाट बघण्याचा प्रसंग रंगत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी नीट लिहीत नाही, ती म्हणजे पोट. ओपिऑइड आतड्यांची हालचाल मंदावतात. मी रॉक बँडचा ड्रमर, काळ्या कपड्यांत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि डोक्यात विचार एकच, आज तरी साफ होईल का! नाक आणि मान सतत खाजायची. संभाषणाच्या मध्येच पिनकेत जायचो आणि शुद्धीवर आलो की अर्ध्या वाक्यापासून पुढे बोलायला लागायचो. समोरचा कधीच उठून गेलेला असायचा.

हे थांबलं ते कुठल्याही मोठ्या प्रसंगाने नाही. गायिकेने एका रिहर्सलनंतर सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढच्या दौऱ्याला दुसरा ड्रमर बघितलाय. तुला काढलेलं नाही. तू सुटलास की बोलू." आवाज चढवला नाही, रडली नाही. आमचा बासवाला, म्हणजे बास गिटार वाजवणारा, वायरी गुंडाळत होता, तो गुंडाळतच राहिला. मला राग आला, आणि राग येऊनही मी घड्याळाकडे पाहिलं, कारण शेवटचं घेऊन बरेच तास झाले होते. मी रागावलोय की मला टर्की लागतेय, म्हणजे न घेतल्याने अंग मागतंय, हे मला सांगता येत नव्हतं.

आधी मी घरी, दार लावून, आपल्या हिमतीवर सोडायचा प्रयत्न केला. टर्की म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो. सुरुवात जांभयांनी होते, एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. मग नाक आणि डोळे वाहतात, शिंका येतात, अंगावर काटा उभा राहतो तो खाली बसतच नाही. मग पोटात पीळ, उलट्या, जुलाब, हाडांच्या आतून येणारं दुखणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं टोकाला जातं आणि साधारण आठवड्याने अंगाचा त्रास उतरतो. माझ्या बाबतीत सगळ्यात वाईट होते पाय. ते आपोआप झटके देत राहायचे, रात्रभर, कुठल्याही तालात नाही. इतकी वर्षं किकच्या पेडलवर हुकमाने चाललेला पाय आता गादीवर बेताल आपटत होता, आणि मी तो मोजायचा प्रयत्न करत होतो.

गर्दची टर्की सहसा जीव घेत नाही, मारते ती त्यानंतरची चूक. दारूचं तसं नाही. रोजची भरपूर दारू किंवा झोपेच्या काही गोळ्या एकदम तोडल्या तर झटके येऊन माणूस दगावू शकतो, तिथे घरच्या घरी हिंमत दाखवायचीच नाही. गर्दमध्ये धोका वेगळा आहे. काही दिवस न घेतल्याने शरीराची सहनशक्ती झपाट्याने उतरते, पण हाताला आणि डोक्याला जुनंच माप आठवत असतं. सुटून आलेला माणूस एकदा म्हणून पूर्वीएवढी घेतो आणि श्वास थांबतो. आमच्या ओळखीतला एक जण असाच गेला, उपचार पूर्ण करून आल्यावर थोड्याच दिवसांत. मीही त्या पहिल्या प्रयत्नानंतर परत घेतली. वाचलो यात माझं कर्तृत्व काही नाही.

त्यानंतर बासवाला मला एका व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेला. वाटेत त्याने एकच प्रश्न विचारला, "शेवटची कधी घेतलीस?" मला वाटलं हा हिशेब मागतोय. पण डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, आणि त्यांना खरोखर तासच हवे होते.

कारण असं. त्यांना मला बुप्रेनॉर्फिन सुरू करायचं होतं. मेंदूतल्या ज्या जागांवर गर्द जाऊन बसते त्याच जागांवर हे औषध बसतं, आणि जास्त घट्ट बसतं. पण ते त्या जागा अर्ध्यामुर्ध्याच चेतवतं. आता समजा त्या जागांवर गर्द अजून बसलेली आहे आणि वरून बुप्रेनॉर्फिन दिलं, तर ते गर्दला ढकलून देतं आणि स्वतः अर्धंच काम करतं. माणूस थोड्याच वेळात अशा टर्कीत जातो की आधीची बरी वाटावी. म्हणून आधी थांबायचं, शरीराने स्वतःहून मागायला सुरुवात करेपर्यंत. गर्दच्या बाबतीत साधारण बारा तास तरी, कधी त्याहून जास्त. फेंटॅनिलसारखं, गर्दहून कितीतरी तीव्र ओपिऑइड मिसळलेलं असेल तर गणित आणखी अवघड होतं.

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी मुद्दाम वाट बघायला लावत होतं, आणि त्या वाट बघण्याला अर्थ होता. नर्सताई ठरावीक वेळाने यायच्या, हातात एक छापील कागद. त्यावर 11 बाबी होत्या: नाडी, घाम, अस्वस्थता, बाहुल्या, हाडांचं दुखणं, नाक-डोळ्यांचं वाहणं, पोट, हातांची थरथर, जांभया, चिडचिड, अंगावरचा काटा. प्रत्येकाला गुण द्यायचे. बेरीज 5 ते 12 आली तर सौम्य, त्याच्या वर मध्यम, 36 च्या वर गेली तर तीव्र. मी हात पुढे केला की त्या बोटांची थरथर बघायच्या. मी म्हणालो, "ताई, मी ड्रमर आहे, हात हलणं हा माझा धंदा आहे." त्यांनी मान वरही न करता आकडा लिहिला.

"आत्ता द्या ना," मी डॉक्टरांच्या मागे लागलो होतो.

"आत्ता दिलं तर तुम्हीच मला शिव्या घालाल," ते म्हणाले. "आणखी थोडं बिघडू द्या, मग देतो."

बिघडल्यावर गोळी मिळाली. ती जिभेखाली ठेवायची असते, गिळायची नाही. गिळली तर फारशी पोचतच नाही. पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, तोंडात साठलेली लाळ तशीच धरायची. चव कडवट, वरून फळाचा खोटा वास. माझ्या गोळीत नॅलोक्झोनही होतं, म्हणजे ओपिऑइडचा असर उलटवणारं औषध, चारास एक या प्रमाणात. जिभेखालून ते जवळजवळ शोषलंच जात नाही, पण कुणी गोळी विरघळवून शिरेत टोचायला गेला तर मात्र ते जागं होतं आणि सगळा बेत उधळून लावतं. एका गोळीत दोन औषधं आणि दुसरं फक्त पहारेकरी म्हणून, ही कल्पना मला त्या अवस्थेतही भारी वाटली. तासाभरात पाय थांबले. गुंगी आली नाही, आनंदाची लाटही आली नाही. पाय थांबले, मी उठलो आणि दात घासले. दात घासण्याची ती घाई चुकीची होती, हे नंतर कळलं. या गोळ्यांनी दातांची वाट लागू शकते, म्हणून गोळी विरघळली की पाण्याची चूळ दातांवरून फिरवून गिळायची आणि तासभर ब्रश लावायचा नाही. हे सगळ्यांनी पाळावं. माझ्या दाढांनी त्याची किंमत मोजलीय.

मग सुरू झाला तो वाद जो अजून संपलेला नाही. केंद्राबाहेर आल्यावर मी एका मदतगटात जायला लागलो. गट चांगला होता. लोक आपापलं बोलायचे, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, 'फक्त आजचा दिवस' म्हणत एकमेकांना धरून ठेवायचे. पण मी गोळीबद्दल बोललो तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "बाळा, मग तू अजून घेतोसच की. फक्त डॉक्टरच्या हातून." ते वीसेक वर्षं काहीही न घेता राहिलेले गृहस्थ, त्यांच्यासमोर माझं काय चालणार? घरी येऊन गोळ्यांचं पाकीट बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

आज मी त्यांच्याशी भांडलो असतो. औषधाच्या आधाराने गर्द सोडवण्याची पद्धत काही काल आलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या डॉक्टरांनी मेथाडोन या अशाच आधाराच्या औषधावरचं त्यांचं काम 1965 मध्ये प्रसिद्ध केलं. मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 2005 पासून आहेत. ही औषधं चालू असेपर्यंत अतिमात्रेने मरण्याचं प्रमाण बरंच कमी राहतं, आणि ती अचानक तोडली की धोका पुन्हा वाढतो, हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलंय. बुप्रेनॉर्फिनचा श्वासावरचा परिणाम एका मर्यादेनंतर फारसा वाढत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. तेही शरीराला सवय लावतं, हे खरंच आहे. पण व्यसन आणि सवय यांतला फरक मला कुणा पुस्तकाने शिकवला नाही. गोळी घेतल्यावर पुढच्या गोळीपर्यंत मला तिची आठवण येत नाही. गर्दच्या दिवसांत ओढत असतानाही मी पुढच्या पुडीचाच विचार करत असायचो.

इतिहासाचा विनोद असा की हेरॉइन स्वतःच औषध म्हणून आलं. बायर कंपनीने ते 1898 मध्ये बाजारात आणलं, खोकल्यावरचा उपाय म्हणून, आणि मॉर्फिनसारखी सवय लागत नाही असा तेव्हा समज होता. म्हणून औषधावर आंधळा विश्वास ठेवू नये म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेतो. त्यांच्या संशयाला आधार आहे. फक्त तो संशय घेऊन कुणी माझ्या गोळ्या फेकायला सांगू नये.

अंग सुटलं, आणि मग आला खरा कंटाळा. याबद्दल मला कुणी पुरेसं सावध केलं नव्हतं. काही महिने कशातच चव नव्हती. झोप तुटक. संगीत ऐकलं तर कळायचं की हे चांगलं आहे, पण लागायचं नाही. ज्या गाण्यांनी मला पंधराव्या वर्षी काठ्या हातात घ्यायला लावल्या ती लावून बघितली, काही नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं, मेंदूला वेळ द्या. वेळ देणं हेच तर मला येत नव्हतं!

मग मी पॅडवर बसलो. किट नाही, रबरी पॅड आणि मेट्रोनोम. वेग 60. ज्यांना ड्रम्स येत नाहीत त्यांना वाटतं वेगात वाजवणं अवघड. उलट आहे. 60 वर दोन ठोक्यांमध्ये एक अख्खा सेकंद रिकामा असतो आणि त्या रिकाम्या जागेत घाई करायची तीव्र इच्छा होते. पुढे वेग 40 वर नेला. मग मेट्रोनोमला असं लावलं की तो दोन बार वाजेल आणि दोन बार गप्प बसेल. गप्प असताना आपण चालू ठेवायचं, आणि तो परत आला की कुठे आहोत ते कळतं. सुरुवातीला मी दरवेळी पुढे असायचो. गर्दमध्ये मागे पडायचो, सुटल्यावर पुढे पळायला लागलो. घाबरलेला माणूस घाई करतो, इतकं साधं. कित्येक आठवड्यांनी एकदा क्लिक परत आला तो माझ्या ठोक्याखाली इतका बरोबर बसला की ऐकूच आला नाही. मला वाटलं मेट्रोनोमची बॅटरी गेली.

बँडने मला परत घेतलं ते हळूहळू. आधी फक्त रिहर्सल, मग एक छोटा कार्यक्रम. तो दुसरा ड्रमर माझ्यापेक्षा सरस होता, हे इथे प्रामाणिकपणे सांगून टाकतो. तो दुसऱ्या बँडमध्ये गेला म्हणून जागा मोकळी झाली. त्या पहिल्या कार्यक्रमात मला सगळं ऐकू येत होतं. मॉनिटरमधला हिस, पहिल्या रांगेतलं बोलणं, माझ्याच क्रॅश सिंबलची चिरलेली कड. पूर्वी स्टेजवर माझ्याभोवती कापसाचा थर असायचा, तो गेला होता. हात-पाय लटपटत होते. तिसऱ्या गाण्यात एक फिल चुकलो. बासवाल्याने वळून पाहिलं, मी खांदे उडवले, तो हसला. पूर्वी चूक झाली की तो वळायचाच नाही.

कार्यक्रम तरून गेला. त्यानंतरच्या रात्रीबद्दल मात्र सांगायला हवं, कारण माझ्या मते वादकांच्या व्यसनाचं मूळ स्टेजपेक्षा स्टेजनंतरच्या चार तासांत आहे. अंगात एड्रेनलिन खदखदत असतं, कान वाजत असतात, रात्रीचा एक वाजलेला, शहर झोपलेलं, आणि तुम्ही एका परक्या खोलीत टक्क जागे. हजार लोकांचा गोंगाट अचानक बंद होतो आणि त्याचं काय करायचं हे कुणी शिकवत नाही. दारू, गोळी, पुडी ही खाली उतरायची शिडी म्हणून येते. प्रतिभेशी तिचा संबंध नंतर जोडला जातो, मुलाखतींत.

मी त्या चार तासांसाठी काही अगदी अरसिक गोष्टी ठरवल्या. किट मीच उतरवतो. पूर्वी ते काम मदतनिसाचं होतं. स्टँड मिटवणं, सिंबल पुसणं, नट एका डबीत टाकणं, यात पाऊण तास जातो आणि अंग आपोआप थंडावतं. कार्यक्रमानंतर खोलीवर एकट्याने जायचं नाही. बासवाल्याच्या खोलीत दुसरा पलंग असतो. तो घोरतो. मदतगटातल्या एका मित्राला रात्री फोन केला तर चालतो, त्याने तसं सांगून ठेवलंय, आणि तो झोपेत असला तरी 'बोल' एवढंच म्हणतो. आयोजकांना आम्ही आधीच कळवतो की आमच्या ग्रीनरूममध्ये बाहेरचं कुणी येणार नाही. यावरून आम्हाला एकदोन ठिकाणी गर्विष्ठ ठरवलंय. ठरवू देत.

लेन स्टेलीबद्दल मी पूर्वी वेगळ्या सुरात बोलायचो, आता बोलत नाही. अॅलिस इन चेन्सचा हा गायक 5 एप्रिल 2002 ला गेला, आणि तो गेल्याचं कळलं दोन आठवड्यांनी. आठ वर्षांपूर्वी त्याच तारखेला निर्वाना बँडचा गायक कर्ट कोबेन गेला होता. चाहते या तारखेच्या योगायोगात काहीतरी शोधत बसतात. मला मधले दोन आठवडे दिसतात. त्या आवाजावर जीव टाकणारे जगभर किती होते, आणि दोन आठवडे तो गेल्याचं कुणाला कळलं नाही. बासवाल्याचं घोरणं मला चालतं, ते त्यामुळेच.

मागच्या वर्षी मनगटाचं दुखणं परत आलं. कार्पल टनेल, मधल्या नसेवर दाब येतो, आमच्या धंद्यात नवल नाही. शस्त्रक्रिया करायची ठरली आणि मला धडकी भरली ती सुरीची नाही, नंतरच्या वेदनाशामकांची. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, गर्द, गोळी, मात्रा, सगळं. त्या म्हणाल्या, "बरं झालं बोललात. बुप्रेनॉर्फिन बंद करू नका." पूर्वी शस्त्रक्रियेआधी ते थांबवायची रीत होती, आता बहुतेक वेळा चालूच ठेवतात. फक्त हात बधिर करून काम झालं, आणि नंतर पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनवर भागलं. दुखलं. दोन-तीन रात्री बऱ्यापैकी दुखलं. पण ते मनगटात दुखत होतं आणि मनगटातच राहिलं.

गोळी कधी बंद करणार, असं आई दर भेटीत विचारते. मात्रा पूर्वीपेक्षा कमी झालीय. मी डॉक्टरांना विचारलं की या दौऱ्याआधी आणखी कमी करू का. ते म्हणाले, "दौऱ्याआधी? अजिबात नाही. घरी असाल, झोप नीट असेल, तेव्हा बघू. आणि नाही जमलं तरी बिघडत नाही." आईला हे उत्तर पटलेलं नाही.

माझ्या काठ्यांच्या पिशवीत आता नॅलोक्झोनचा नाकात मारायचा स्प्रे असतो. माझ्यासाठीही आणि ग्रीनरूममध्ये कुणावर वेळ आली तर त्याच्यासाठीही. स्वतःच्या नाकात तो स्वतः मारता येत नाही, कारण गरज पडते तेव्हा माणूस बेशुद्ध असतो, म्हणून दौऱ्याच्या आधी मी सगळ्यांना बसवून शिकवलं. ओठ निळे, बाहुल्या बारीक, हाक मारून, छातीच्या हाडावर मुठीने घासूनही हलत नाही, श्वास थांबत थांबत चाललाय, तर शंका घेत बसायचं नाही. अँब्युलन्सला फोन, एका नाकपुडीत स्प्रे, श्वास नसेल तर तोंडाने द्यायचा. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस. गर्द नव्हतीच असं निघालं तरी या औषधाने अपाय होत नाही.

"आणि शुद्धीवर आला, म्हणाला मी ठीक आहे, जा तुम्ही, तर?" गिटारवाल्याने विचारलं.

"तर जायचं नाही. स्प्रेचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, गर्द त्याहून जास्त वेळ अंगात राहू शकते. तो परत बुडू शकतो. अँब्युलन्स येईपर्यंत शेजारी बसायचं. तो शिव्या घालेल, कारण त्याला जोरदार टर्की लागलेली असेल."

"तू घालशील?"

"सगळ्यात जास्त मीच घालेन," मी म्हणालो. गायिकेने पिशवीचा कप्पा उघडून स्प्रेवरची मुदत वाचली आणि फोनमध्ये नोंदवून ठेवली. मग आम्ही सेटलिस्टवर आलो. तिला तिसरं गाणं पहिलं हवं होतं, बासवाल्याला नको होतं, आणि त्यावरून नेहमीसारखं जुंपलं.